अकरा तारखेचा आकडा

आमच्या आश्रमशाळेत तेव्हा चारशे दहा मुलं होती आणि ताप बघायची काचेची नळी एकच होती. ती जूनमध्ये फुटली. नवीन नळीसाठी मी शाळा चालवणाऱ्या मंडळाकडे तीन अर्ज केले. तिन्ही अर्ज 'पुढील बैठकीत ठेवावे' असा शेरा घेऊन परत आले. तोवर एखादं पोर तापलं की बुधी त्याच्या कपाळाला हाताची पाठ लावायची आणि सांगायची, "याला पेज द्या, सांजचा उठंल," नाहीतर, "याला जीपमधी घाला, जव्हारला न्या." तिचं बहुतेक वेळा बरोबर यायचं.

त्याच वर्षी, म्हणजे दोन हजार चार साली, ज्याचा ताप दिवसातून तीन वेळा बघून वहीत लिहायचा असा एक पाहुणा शाळेत आला. तो म्हणजे कम्प्युटर.

शाळा जव्हारहून मोखाड्याकडे जाताना मोठ्या रस्त्यापासून दोन मैल आत. मी तिथं कारकून होते. मिस्टर मोखाड्याला शिक्षक, ते शनिवारी यायचे; मी आवारातल्याच एका खोलीत राहायचे. बुधी कामाठी होती. कामाठी म्हणजे झाडलोट, पाणी, भांडी, चुलीला हात आणि मुलींच्या डोक्यातल्या उवा, जे कुणाच्या कामात लिहिलेलं नसतं ते सगळं. सात वर्षं ती रोजंदारीवर होती. त्या वर्षी मंडळ तिला कायम करण्याचा प्रस्ताव वर पाठवणार होतं. तो मीच तयार केला होता. तिचा अंगठा घेतला तेव्हा ती म्हणाली होती, "आता पावसात कामाला नाशिककडं जायाला नको ना, मंजुबाय?" मी म्हटलं, "नको."

कम्प्युटर मुंबईच्या एका ट्रस्टने दिला होता. मंडळाचे सचिव मधुभाऊ तो येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचे. "असेंबल्ड नाही बरं का, कंपनीचा आहे," असं ते सांगायचे, नवा जावई कुठल्या घराण्यातला ते सांगावं तसं. वाचनालयाची खोली त्याला दिली. पुस्तकं पोत्यांत भरून धान्याच्या कोठीत गेली. ती उंदरांनी वाचली. मुलींच्या खोलीतला पंखा काढून इथं लावला. दाराला कुलूप, किल्ल्या दोन, एक मधुभाऊंकडे आणि एक माझ्याकडे. मुलांचं संगणकशिक्षण खिडकीच्या गजांतून चालायचं, तेही पडदा सरकलेला असेल तर.

तो चालू करून द्यायला जव्हारहून कमलेश आला. तिशीतला शांत मुलगा, कंपनीची दुरुस्तीची कामं तो बघायचा. त्याने सांगितलं की याचा प्रोसेसर गरम जातीचा आहे, खोली बंद ठेवू नका, तापमानावर नजर ठेवा. मधुभाऊंनी "तापमान" एवढंच ऐकलं.

"कुठं दिसतं ते?"

कमलेशने सीडीतून एक फुकटचं सॉफ्टवेअर टाकलं. पडद्याच्या कोपऱ्यात आकडा आला, १२७. मधुभाऊ दोन पावलं मागे सरले.

"पाणी शंभरला उकळतं," ते म्हणाले. "होय ना?"

"हा आकडा खोटा आहे, भाऊ. असेंबल्ड मशीनला हे चालतं. कंपनीच्या मशीनमध्ये आत काय बसवलंय ते याला ओळखता येत नाही. मग काहीतरी फेकतं."

"म्हणजे असेंबल्ड घेतला असता तर खरं दिसलं असतं आणि कंपनीचा घेतला म्हणून दिसत नाही?"

"दिसतं. पण आत शिरून बघावं लागतं."

आत शिरायचं म्हणजे चालू काम बंद करायचं, मशीन बंद करायचं, पुन्हा चालू करायचं, कंपनीचं नाव झळकतं त्या क्षणाला एक बटण दाबायचं, मग एक निळा पडदा येतो, त्याच्या तिसऱ्या पानावर एका ओळीत प्रोसेसरचं तापमान आणि खालच्या ओळीत पंख्याचे फेरे. कमलेशने मला दोनदा करून दाखवलं. "पन्नासच्या आत झकास, मॅडम. साठपर्यंत हरकत नाही. सत्तर दिसलं तर मला फोन करा. त्याच्या वर गेला की तो आपोआप बंद पडतो, स्वतःला वाचवायला."

मधुभाऊंनी त्याच दिवशी आदेश काढला. सकाळी दहा, दुपारी एक, चार. तारीख, वेळ, अंश, पंखा, शेरा असे रकाने आखायचे. रविवारीही सुट्टी नाही. मुलांच्या याद्या टाइप करता करता दिवसातून तीनदा मी सगळं बंद करायचे आणि काम नीट चाललंय ना ते बघायचे. वीज गेलेली असेल तर 'वीज नाही' असं लिहायचं. आमच्याकडे ते लिहायला भरपूर वाव होता.

मला त्याचा त्रास झाला असं मी म्हणणार नाही. त्या वर्षी श्रावण अधिक आला होता, चातुर्मास पाच महिन्यांचा, आणि मी लक्षवात धरली होती. रोज ठरलेल्या वाती वळायच्या, मोजायच्या, डब्यात ठेवायच्या. मशीन बंद होऊन पुन्हा चालू होईपर्यंत माझ्या पाचसात वाती होत. रोजचं एकदा ठरलं की मी ते चुकवत नाही. म्हणून त्या वहीतला प्रत्येक आकडा मी डोळ्यांनी बघून लिहिलेला होता. पंचेचाळीस, सत्तेचाळीस, सेहेचाळीस. ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. इतक्या शहाण्या प्रकृतीचं लेकरू शाळेत दुसरं नव्हतं.

ऑक्टोबरात ट्रस्टच्या मॅडम बघायला येणार असा निरोप आला. मधुभाऊंना कल्पना सुचली. कल्पना सुचली की ते आधी खुर्ची मागे सरकवायचे. त्या दिवशी खुर्ची कपाटाला लागली.

"मंजुषाताई, ह्या डब्यावर वारली चित्र काढलं तर? संस्कृती आणि तंत्रज्ञान. मुंबईची माणसं यडी होतील."

"डब्यावर म्हणजे, कम्प्युटरवर?"

"मग काय तुमच्या स्टीलच्या डब्यावर? बुधीला बोलवा. तिची आई काढायची, ती पण काढते."

अकरा तारीख होती, सोमवार. पितृपक्ष चालू होता. बुधी हात पुसत आली. मधुभाऊंनी तिला समजावलं की मध्ये देवीचा चौक काढ, तो लग्नातला असतो तो, आणि कडेने नाच.

"लगीन कुनाचं हाय?" बुधीने विचारलं.

"लग्न नाही गं. नुसतं चित्र."

"लगीन नाय तर देवी नाय बसत, भाऊ. सवाशिणी नाय, लग्नाची गानी म्हननारी धवलेरी नाय. पत्र्यावर बसवून मी काय सांगू तिला, कशाला बोलावली?"

"बरं बाई, देवी राहू दे. नाच काढ."

बुधीने डब्याभोवती एक चक्कर मारली. हात लावला, नखाने खरवडून बघितलं. मग म्हणाली की तांदळाचं पीठ नुसत्या पत्र्यावर धरत नाही, खाली गेरू आणि शेणाचा हात द्यावा लागेल, भिंतीला देतात तसा. मधुभाऊ म्हणाले, "दे." ती गेली, पाटी घेऊन आली. मी खुर्चीत बसून हे सगळं बघत होते. एका बाजूच्या पत्र्याला बारीक भोकांची जाळी होती, पुढच्या बाजूलाही खाली तशीच. बुधीचा हात जाळीशी थांबला.

"ही भोकं?"

"बुजव."

"मासे धरायच्या मळीला असती तशी हायेत. काय तरी आत जात असंल, बाहीर येत असंल. ठेवू का मोकळी? मी भोवती काढते."

"अगं, चित्राच्या मध्ये भोकं दिसली तर कसं दिसेल? नाचणाऱ्याच्या पोटात भोक? बुजव सगळी. मी सांगतोय ना."

"मंजुबाय?" बुधीने माझ्याकडे बघितलं.

मी म्हणाले, "भाऊ, कमलेश म्हणाला होता की हवा..."

"कमलेशला चित्रातलं काय कळतं?"

बुधीने भोकं बुजवली. तासाभरात ते सुकलं. मग बाभळीच्या काट्याने आणि बांबूच्या काडीने तिने असा नाच काढला की मी कामं सोडून बघत राहिले. तारपा वाजवणारा मध्ये, त्याच्याभोवती साखळी, एकाच्या कमरेला दुसऱ्याचा हात, शेवटचा पोरगा जरा मागे पडलेला. चारच्या सुमाराला मी मशीन बंद करून चालू केलं. अठ्ठावन्न. पंख्याचे फेरे दीडपट. मी शेऱ्यात लिहिलं, 'दु. रंगकाम, सचिवांच्या सूचनेनुसार. हवेची भोकं बुजवली. बुधी बुजवू नये म्हणत होती.' एवढं लिहायला मला काही धैर्य लागलं नाही. वहीत लिहिताना मला भीती वाटत नाही.

मॅडमचा दौरा पुढे गेला. मधुभाऊंनी चित्राला ऊन लागू नये म्हणून त्यावर चादर टाकायला सांगितली. खिडकीचा पडदाही ओढून घेतला. चौसष्ट. सहासष्ट. एकोणसत्तर. मी सांगितलं.

"ऑक्टोबर हीट," मधुभाऊ म्हणाले.

"भाऊ, जव्हारच्या डोंगरावर आहोत आपण. सकाळी स्वेटर लागतो."

"मग ओलं गोणपाट टाका वर. माठाला टाकतात तसं."

ते मी टाकलं नाही, एवढं पुण्य माझ्या नावावर आहे. कमलेशला फोन करावा म्हटलं तर फोन मधुभाऊंच्या टेबलावर कुलपात. दसऱ्यानंतर ते कसल्याशा बैठकीला ठाण्याला गेले, तेवीस ते पंचवीस. चोवीसला एकादशी होती, रविवार. मी आवारातच होते. खोली उघडली, आकडा घेतला, एकाहत्तर, खोली लावली. सव्वीसला दहाच्या नोंदीला मशीन चालूच होईना. खोलीत उन्हात तापलेल्या गोवऱ्यांसारखा वास होता. बुधी खिडकीतून बघून म्हणाली, "याला जीपमधी घाला."

कंपनीला कळवलं. त्यांनी विचारलं, मशीनला काही केलं होतं का? ट्रस्टच्या मॅडम पुढच्या आठवड्यात गुरुवारी येते म्हणाल्या, कमलेशलाही त्याच दिवशी बोलावलं. मधुभाऊ अर्धा तास खुर्चीत हलले नाहीत. मग मला म्हणाले, "टाइपरायटर काढा."

नोटीस मी टाइप केली. रोजंदारी कामाठी बुधी हिने दिनांक चोवीस रोजी, कार्यालय बंद असताना, सचिव बाहेरगावी असताना, विनापरवानगी संगणकास शेणमातीचा लेप देऊन मंडळाच्या मालमत्तेचे नुकसान केले. सबब तिला कामावरून कमी का करू नये. कायम करण्याच्या प्रस्तावातून तिचे नाव वगळण्यात येत आहे. वगळलेल्या जागी कोणाचं नाव घालायचं तेही त्यांनी सांगितलं. त्यांची धाकटी मेहुणी होती. तिला मी ओळखते. तिने उभ्या आयुष्यात स्वतःचं ताट उचललेलं नाही.

"ठाण्याच्या बैठकीत माझी सही आहे," ते मला समजावत म्हणाले, जणू काही मी त्यांच्याकडे दिलासा मागितला होता. "चोवीसला मी नव्हतो हे कोणीही मान्य करील. आणि ती तापमानाची वही नवीन करा. शेऱ्याचा रकाना गाळा, काय काय लिहून ठेवता तुम्ही. आकडे राहू द्यात, आकड्यांनी काय होतंय. जुनी माझ्याकडे द्या."

मी "बरं" म्हटलं. माझीही नोकरी मंडळाचीच. दोन संध्याकाळी बसून मी वही उतरवली, ऑगस्टपासून, आकड्याला आकडा. शेरे गाळले. जुनी वही त्यांनी पिशवीत घातली.

नोटीस बुधीला वाचता येत नव्हती, म्हणून ती मीच वाचून दाखवायची होती. रविवारी कोठीच्या ओट्यावर बसून मी वाचली. माझा आवाज मुळात लहान आहे. त्या दिवशी तो मलाच नीट ऐकू येत नव्हता.

"चोवीसला?" बुधी म्हणाली. "चोवीसला मी तांदूळ निवडत होते. तुमी पन तिथंच वाती वळत होत्या."

"हो."

"अन रंगवला तवा तुमी खुर्चीत होत्या."

"होते."

"मंग?"

मी नोटिशीची घडी घालत राहिले. तिला वाटलं असावं मी काहीतरी उपाय सांगेन. मग ती उठली, मुलींच्या दोन घागरी उचलून विहिरीकडे गेली. सोमवार-मंगळवार-बुधवार तिने माझ्याशी कामापुरतंही तोंड उघडलं नाही. मी नेहमीसारखी पूजा केली, पोथी वाचली, वाती केल्या. देवापुढे बसताना मला कधी एवढं अवघडल्यासारखं झालं नव्हतं, पण मी उठूनही गेले नाही. अवघडून बसायची सवय होते.

गुरुवारी ट्रस्टच्या टीनामॅडम आल्या. मोठी गाडी, पांढरा सुती कुर्ता, पायात कोल्हापुरी. कमलेश त्यांच्याच गाडीतून आला. मधुभाऊंनी चादर दूर केली आणि चेहरा पाडून उभे राहिले, घरात काहीतरी वाईट घडल्यासारखे.

"बघा मॅडम. आमच्या मागे केलंय हे. अडाणी माणसं. कारवाई चालू आहे, ही नोटीस."

मॅडमनी नोटीस हातात घेतली, पण त्या बघत होत्या डब्याकडे. कमलेशने पत्रा उघडला. आतून गेरूची वाळलेली पापडी त्याच्या मांडीवर पडली. त्याने पंखा बोटाने फिरवून बघितला, कसलासा फॉर्म काढला आणि मला म्हणाला, "मॅडम, नोंदवही द्या." मी दिली. त्याने पानं उलटली. मधुभाऊ त्याच्याकडे अगदी निवांत बघत होते. त्यांना खरंच वाटत होतं की त्या वहीत आता काही उरलेलं नाही. तीन महिने आदेश काढून ज्याचे आकडे त्यांनी लिहून घेतले, त्यातला एकही त्यांना कधी वाचता आला नव्हता.

कमलेश एका पानावर थांबला. "भाऊ, नोटिशीत चोवीस तारीख आहे ना?"

"चोवीसच. मी ठाण्याला होतो."

"पण मशीन अकराला तापलंय. बघा. दहा वाजता सेहेचाळीस, एक वाजता सत्तेचाळीस, चार वाजता एकदम अठ्ठावन्न. पंखा पण पळायला लागलाय. त्यानंतर खाली आलंच नाही. चोवीसला लेप दिला असता तर तेव्हा उडी दिसली असती. चोवीसला काहीच नाही, आदल्या दिवशी एकाहत्तर, त्या दिवशी पण एकाहत्तर. अकराला दुपारी काय झालं?"

मधुभाऊंनी वही घेतली, उलटी धरली, सरळ केली. आकड्यांकडे बघितलं. मग हसले.

"अहो, हे बाईंनी लिहिलंय. यांचं लक्ष कुठं असतं? दिवसभर वाती वळत बसतात. एका दिवशी बघायचं आणि आठ दिवसांचं भरायचं. अंदाजपंचे आकडे आहेत हे. काय मंजुषाताई?"

मी त्यांच्यासाठी एक वाक्य तयार ठेवलं होतं. कुणी विचारलं तर 'मला आठवत नाही' असं म्हणायचं, असं मी रात्री ठरवलेलं होतं. ते खोटं झालं असतं, पण लहान झालं असतं असं मी मनाशी धरलं होतं.

"आकडे बरोबर आहेत," मी म्हणाले.

"काय?"

"प्रत्येक आकडा मी मशीन बंद करून, चालू करून, बघून लिहिलाय. एकही दिवस चुकलेला नाही. चोवीसला एकादशी होती, मी इथंच होते, खोलीला कुलूप होतं. रंगवला तो अकरा तारखेला, दुपारी एकच्या नोंदीनंतर सुरुवात केली. भाऊंनी सांगितलं म्हणून. भोकं मोकळी ठेवू का, असं बुधीने दोनदा विचारलं. भाऊ म्हणाले, बुजव. हे जुन्या वहीत शेऱ्यात लिहिलेलं आहे. ती वही भाऊंकडे आहे."

एवढं सलग मी त्या खोलीत कधीच बोलले नव्हते. कमलेश खाली बघून पापड्या गोळा करायला लागला. मधुभाऊंच्या मानेवर शीर उभी राहिली. ते काय बोलले असते कोण जाणे, पण टीनामॅडम तोवर डब्यासमोर उकिडव्या बसल्या होत्या.

"पण हे कोणी काढलंय?" त्या म्हणाल्या. "हे शेवटचं पोरगं बघा ना, कसं मागे राहिलंय. हे असं मशीनवर काढायचं कुणाला सुचलं? आमच्या ऑफिसच्या लॉबीत ठेवण्यासारखं आहे हे."

मधुभाऊंची शीर खाली बसली. मी माणसं बदलताना बघितली आहेत, पण एवढ्या कमी वेळात नाही.

"कल्पना माझी, मॅडम," ते म्हणाले. "संस्कृती आणि तंत्रज्ञान. मीच जातीने उभं राहून करून घेतलं."

"अकरा तारखेला," कमलेश म्हणाला.

"अकरा तारखेला, हो. नोटीस म्हणजे काय, ऑफिसची एक पद्धत असते. तारीख टाइपिंगमध्ये चुकली."

टाइपिंग माझं होतं. मी टाइपरायटर पुढे ओढला. "मग नोटीस मागे घेतल्याचं पत्र करते, भाऊ. आणि प्रस्तावात बुधीचं नाव होतं तसं ठेवते. मॅडम आहेत तोवर सही झाली तर बरं." मॅडम म्हणाल्या, "हो हो, करा ना, बिचारीला कशाला त्रास." त्यांना त्यातलं काही समजलं नव्हतं, पण मधुभाऊंनी दोन्ही कागदांवर सही केली. मी शाई सुकायच्या आत ते फाइलला लावले.

दुपारी तो डबा गाडीत चढला. मॅडमनी तो स्वतःच्या शालीत गुंडाळला. त्याच्या बदल्यात दुसरा पाठवते म्हणाल्या. मुलं गाडीमागे फाटकापर्यंत पळाली. ज्याला हात लावायची कधी परवानगी नव्हती तो निघाला, त्याला निरोप द्यायला. मॅडमनी बुधीला भेटायची इच्छा दाखवली नाही, आणि मधुभाऊंनी कुणाला बोलावलंही नाही.

मी चुलीकडे गेले. बुधी डाळीला फोडणी देत होती. मी सांगितलं, नोटीस मागे घेतली, सही झाली, नाव राहिलं. फाइल सोबत नेली होती, ती उघडून तिला सहीही दाखवली.

"ऐकलं मी," ती म्हणाली. "खिडकीशी उभी होते."

"आता काळजी करू नकोस."

"चार दिस बोलला नाय तुमी."

"भीती वाटली गं. माझी पण नोकरी..."

"त्ये समजलं माला." तिने पातेल्यावर झाकण ठेवलं. आवाज चढवला नाही. भांडण करायला तिला मुळी मी तेवढी मोठी वाटलेच नसेन. "माजं पोट जायाचं होतं, तवा तुमी गप. त्यानं वही खोटी म्हनली, तवा लगीच तोंड उघडलं."

ते खरं होतं. बुधीसाठी माझ्या तोंडातून शब्द फुटला नव्हता, आणि एका आकड्याला कुणी अंदाजपंचे म्हटलं तर ते मला सहन झालं नव्हतं.

"अन मी पन होते ना त्या वहीत?" ती म्हणाली. "बुजवू नको म्हनली मी, त्ये लिवलं होतं ना तुमी? नव्या वहीत सगळं उतरवलं. तापलं किती, पंखा पळला किती. मंग त्यातनं माला कोनी काढली?"

चुलीचा धूर माझ्याकडे यायला लागला होता. मी फाइल छातीशी धरून उभी होते.

"सरा," बुधी म्हणाली. "पोरांचा टाइम झाला."